पोलिसावर कारवाई झाली की नाही, हे तक्रार करणाऱ्याला कोण सांगणार?

"अमुक पोलीस ठाण्यातले तिघे तडकाफडकी निलंबित" अशी बातमी आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडतो, कुणीतरी "अशीच अद्दल घडवली पाहिजे" लिहितं, कुणीतरी फॉरवर्ड करतं आणि विषय संपतो. त्या तिघांचं पुढे काय झालं हे कुणीच विचारत नाही. निलंबनाची बातमी पहिल्या पानावर येते आणि परत कामावर घेतल्याची आलीच तर आतल्या पानावर दोन ओळी, तीही कुणा पत्रकाराने खणून काढली तर.

मी यात पडले त्याला दोन कारणं. एक म्हणजे माझा मामा. जिल्हा पोलीस दलात शिपाई म्हणून लागला, एएसआय म्हणजे सहायक फौजदार होऊन रिटायर झाला, त्यामुळे खात्यातली भाषा लहानपणापासून कानावर पडलेली, डिफॉल्ट, ओआर, डीई, कंट्रोलला जमा, हे शब्द आमच्याकडे जेवताना निघायचे. आणि दुसरं, आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा मुलगा. पोरगं डिलिव्हरीचं काम करतं, रात्री नाकाबंदीत अडवलं, कागद मोबाईलमध्ये होते आणि मोबाईलची बॅटरी मेलेली, शब्दाला शब्द वाढला आणि एकाने कानाखाली वाजवल्या, मग गाडीत घालून ठाण्यात नेलं, पहाटेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि "जा आता" म्हणून सोडून दिलं. ना केस, ना पावती, ना स्टेशन डायरीत नोंद. म्हणजे कागदावर तो त्या रात्री ठाण्यात गेलेलाच नाही. कुठलं शहर, कुठलं ठाणं ते लिहीत नाही, पोराला रोज त्याच रस्त्याने जायचंय.

तर तक्रार आम्ही केली, आणि तिचं काय होतं ते जवळून बघायला मिळालं. आणि मग मामाला खोदून खोदून विचारलं.

आधी ते निलंबन. बातमीत जे निलंबन असतं ती बहुतेक वेळा शिक्षा नसतेच, चौकशी होईपर्यंत माणसाला बाजूला बसवून ठेवायचं एवढंच असतं. मुख्यालयात हजेरी लावायची, शहर सोडायचं तर परवानगी घ्यायची, दुसरा कामधंदा करायचा नाही, आणि पहिले तीन महिने साधारण निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, नंतर तो वाढून पाऊण पगारापर्यंत जातो. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये अजय कुमार चौधरी केसमध्ये सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे रेटता येणार नाही, त्यावरून आपल्या राज्य सरकारनेही २०१९ च्या जुलैत जीआर काढला. निकाल चुकीचा नाहीये, कुणालाही वर्षानुवर्षं अधांतरी लटकवणं वाईटच. पण व्यवहारात काय होतं, गाजावाजा करून निलंबन होतं, कागद वेळेत तयार होत नाहीत, नव्वद दिवस होतात, माणूस परत, सुरुवातीला एखाद्या अकार्यकारी पदावर आणि थोड्या दिवसांनी गुपचूप कुठेतरी ठाण्यात. तोपर्यंत ग्रुपवरचे टाळ्या वाजवणारे तिसऱ्याच विषयावर भांडत असतात.

खरी शिक्षा कुठे आहे तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम २५ मध्ये आणि १९५६ च्या शिक्षा व अपील नियमांत. त्यात सगळ्यात खाली आहे ताकीद, मग ठपका, शिपायांसाठी जादा कवायत, जास्तीत जास्त एक महिन्याच्या पगाराएवढा दंड, वेतनवाढ रोखणं, मग पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि सगळ्यात वर बडतर्फी. काढून टाकणं आणि बडतर्फी यात फरक असा की बडतर्फ माणसाला पुढे सरकारी नोकरीची दारं बंद. वेतनवाढ रोखण्यातही खोच असते, आदेशात "पुढील वेतनवाढीवर परिणाम न करता" असं लिहिलेलं असेल तर एक-दोन वर्षांचं थोडं नुकसान आणि मग गाडी परत रुळावर, आणि "परिणाम करून" असेल तर ते पेन्शनपर्यंत पाठ सोडत नाही. मामा म्हणतो आदेश हातात पडला की आम्ही आधी ती ओळ शोधायचो.

मामाला स्वतःला नोकरीत बऱ्याच शिक्षा झाल्या. टोपी न घालता बंदोबस्तावर दिसला म्हणून. गणपतीत पॉइंटवर उशिरा पोचला म्हणून, आणि उशीर का तर आदल्या रात्रीची ड्युटी सकाळी संपलेली. एकदा मुदतीत समन्स बजावून आला नाही म्हणून कसुरी, म्हणजे चुकीचा लेखी रिपोर्ट, गेली. साहेबांसमोर ओआरला उभं राहायचं, म्हणजे ऑर्डर्ली रूम, पाटीवर आज्ञांकित कक्ष लिहिलेलं असतं तिथे, दोन मिनिटांत निकाल, सर्व्हिस शीटला नोंद. मी विचारलं, मामा, कुणाला मारलं म्हणून कधी शिक्षा झाली का रे तुला? तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "मारलं म्हणून कुणाला होते गं, मारलेलं पेपरात आलं तर होते."

मला यातली खरी गोम इथेच वाटते. आपण म्हणतो पोलीस खात्यात शिस्त नाही, कारवाई होत नाही. तसं नाहीये. कारवाई ढीगभर होते, टोपीसाठी होते, उशिरासाठी होते, साहेबाला उलट बोलल्याबद्दल तर हमखास होते. शिक्षेचं मशीन अगदी व्यवस्थित चालतं, फक्त ते साहेब आणि शिपाई यांच्यातल्या भानगडींसाठी बनवलंय. बाहेरचा माणूस, ज्याच्या कानाखाली बसली तो, त्या मशीनमध्ये कुठे बसतच नाही. फार तर साक्षीदार. त्यामुळे त्याला निकाल कळवायची गरजही कुणाला वाटत नाही.

काकूंच्या अर्जाचं सांगते. वरच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला, आवकचा शिक्का घेतला, झेरॉक्सवर नंबर घेतला. वाटलं झालं आता. तो अर्ज फिरत फिरत "चौकशी करून अहवाल सादर करावा" असा शेरा घेऊन कुठे गेला असेल? त्याच ठाण्यात. तिथून पोराला फोन, "जबाब द्यायला या". म्हणजे ज्या बाकावर रात्रभर बसवलं त्याच्याच समोर बसून त्याने सांगायचं की मला इथे बसवलं होतं, आणि लिहून कोण घेणार तर त्याच टेबलावरचा माणूस. आम्ही लेखी कळवलं की जबाब दुसरीकडे नोंदवा, मग वरच्या ऑफिसात बोलावलं. तिथले अधिकारी वागायला चांगले होते, चहा दिला, आणि चहाबरोबर समजावलं की पोराचं वय लहान आहे, पासपोर्ट लागेल, पुढे व्हेरिफिकेशन आमच्याकडूनच होतं. हे धमकी म्हणून नव्हतं हं, अगदी काळजीने सांगितलं, तेच जास्त लागलं. पोराने तरी जबाब दिला. बऱ्याच दिवसांनी साध्या पोस्टाने पत्र आलं, संबंधितास योग्य ती समज देण्यात आली असून आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे. संबंधित म्हणजे कोण, समज म्हणजे काय, तोंडी की लेखी, सर्व्हिस शीटला नोंद झाली की नाही, काही नाही. मामाने पत्र वाचलं आणि हसला. म्हणाला समज ही शिक्षेच्या यादीत शोधून दाखव.

मग माहिती अधिकार. मला वाटलं होतं हे तर सोपंय. पण तिथे गिरीश देशपांडे केस आडवी येते. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलं की सरकारी नोकराला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, झालेल्या शिक्षा हा नोकर आणि मालक यांच्यातला मामला, खाजगी माहिती, व्यापक सार्वजनिक हित दाखवलं तरच मिळेल. तेव्हापासून "अमुक कर्मचाऱ्यावर काय कारवाई झाली" विचारलं की कलम ८(१)(ञ) दाखवून अर्ज फेटाळतात, ठरलेलं उत्तर. त्यात २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ह्याच कलमात बदल करून ठेवलाय, आधी निदान त्या कलमातच सार्वजनिक हिताची वाट लिहिलेली होती ती तिथून काढून टाकली. ज्याने मला मारलं त्याला काय शिक्षा झाली ही त्याची खाजगी बाब. बघा म्हणजे. मारताना तो सरकारी होता आणि शिक्षेच्या वेळी खाजगी झाला.

विभागीय चौकशी म्हणजे डीई लागली तर जरा वेगळं. दोषारोपपत्र, त्याला जोडपत्रं, चौकशी अधिकारी, खात्याची बाजू मांडायला सादरकर्ता अधिकारी, आरोप असलेल्या पोलिसाला मदत करायला त्याचा बचाव सहाय्यक, साक्षी, उलटतपासणी, अहवाल, मग प्रस्तावित शिक्षेची नोटीस, मग शिक्षा, मग अपील, मग त्यावर अपील, मग मॅट म्हणजे राज्य सरकारी नोकरांचं प्रशासकीय न्यायाधिकरण, मग हायकोर्ट. कोर्टासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, घडलं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं पटलं तरी पुरतं, म्हणून फौजदारी केसमधून सुटलेल्यालाही डीईत शिक्षा होऊ शकते. ऐकायला छान. पण या सगळ्यात तक्रारदार एक दिवस येतो, साक्ष देतो, आरोप असलेल्या पोलिसाच्या बचाव सहाय्यकाकडून उलटसुलट प्रश्न ऐकतो आणि घरी जातो. त्याच्या बाजूने कुणी नाही, अहवालाची प्रत नाही, शिक्षा कमी वाटली तर अपील करायचा हक्क नाही. दोन वर्षं वेतनवाढ रोखायची शिक्षा अपिलात एका वर्षावर आली तर हेही त्याला कळत नाही.

काही लोक म्हणतील की छोट्या गोष्टीचं काय घेऊन बसलीस, चार थपडा. बरं, मोठ्या गोष्टी बघू.

ख्वाजा युनूस. मूळचा परभणीचा, सॉफ्टवेअर इंजिनियर, वय २७. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला, त्या केसमध्ये त्याला डिसेंबरअखेरीस पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादला तपासाला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. सोबतच्या आरोपीने कोर्टात सांगितलं की कोठडीत त्याला मारताना मी पाहिलंय, रक्ताची उलटी झाली. हायकोर्टाने सीआयडी तपास लावला, त्यात १४ पोलिसांवर ठपका आला आणि सरकारने खटला चालवायला परवानगी दिली ती फक्त चौघांवर. त्या चौघांत एक सचिन वाझे. २००४ मध्ये निलंबित. त्याने २००७ मध्ये राजीनामा दिला, तो स्वीकारला गेला नाही, मधल्या काळात तो राजकीय पक्षातही जाऊन आला, म्हणजे एकीकडे खात्याच्या कागदावर निलंबित पोलीस आणि दुसरीकडे हे. खटला काही हलेना. आणि मग जून २०२० मध्ये, कोरोनात मनुष्यबळ कमी पडतंय म्हणून, निलंबन आढावा समितीने वाझे आणि त्याच केसमधल्या तीन शिपायांना परत घेतलं. सोळा वर्षांनी. आणि परत घेऊन कुठे टाकलं तर नियंत्रण कक्षात फोन उचलायला नाही, तर मुंबई क्राईम ब्रँचच्या क्राईम इंटेलिजन्स युनिटमध्ये, महत्त्वाच्या केसेस हातात. पुढचं सगळ्यांना माहितीय, फेब्रुवारी २०२१ मध्ये अंबानींच्या घराजवळ जिलेटिन ठेवलेली स्कॉर्पिओ, १३ मार्चला एनआयएकडून अटक, मे महिन्यात बडतर्फी.

ती बडतर्फी बघा कशी झाली. घटनेच्या ३११(२)(ब) खाली, म्हणजे विभागीय चौकशी करणं व्यवहार्य नाही असं कारण लेखी नोंदवून थेट घरी. सोळा वर्षं एका कोठडीमृत्यूच्या केसमध्ये जे जमलं नाही ते इथे दोन महिन्यांत झालं. म्हणजे खात्याला वेग येत नाही असं नाही. ख्वाजाची आई आसिया बेगम यांनी २०२० मध्ये कोर्टाच्या अवमानाची याचिका केली होती, की हायकोर्टाने ज्यांना निलंबित करायला सांगितलं होतं त्यांना परत घेतलंच कसं. समितीच्या टेबलावर मनुष्यबळ किती कमी आहे याची चर्चा झाली असेल, ह्या बाईला विचारू असं कुणाच्या मनात आलं असेल असं मला नाही वाटत.

पळून गेला हे वाक्य परत ऐकायला मिळालं ते २०१७ मध्ये सांगलीत. अनिकेत कोथळे, लुबाडणुकीच्या किरकोळ गुन्ह्यात पकडलेला, कोठडीत मारहाणीत गेला, आणि पोलिसांनी सांगितलं पळाला. मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळल्याचं बाहेर आलं. फौजदार आणि त्याचे साथीदार आधी निलंबित झाले, मग अटक. ते प्रकरण उघडं पडलं कारण घरचे ठाण्यासमोरून हलले नाहीत आणि सांगली पेटायच्या बेतात होती.

आणि अगदी अलीकडचं, परभणी. डिसेंबर २०२४, सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचं शिक्षण घेणारा, आंदोलनानंतरच्या धरपकडीत पकडलेला, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू. सभागृहात सांगितलं गेलं की त्याला आधीपासून आजार होता, शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं आलं होतं. गुन्हा नोंदवायला काय लागलं? औरंगाबाद खंडपीठाचा जुलै २०२५ चा आदेश, आणि त्याविरुद्ध सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे फेटाळलं गेलं, तेव्हा. नुसता एफआयआर. तोही त्याच्या आईने खंडपीठापर्यंत नेला म्हणून.

आता तुम्ही म्हणाल की यासाठी वेगळं प्राधिकरण आहे ना. आहे. प्रकाश सिंग नावाच्या निवृत्त पोलीस महासंचालकांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ ला सुप्रीम कोर्टाने सात निर्देश दिले, त्यातला एक म्हणजे प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण, राज्य पातळीवर आणि जिल्हा पातळीवर, निवृत्त न्यायाधीशांच्या हाताखाली. आणि कोर्टाने स्पष्ट लिहिलं होतं की या प्राधिकरणाच्या शिफारशी संबंधित अधिकाऱ्यांवर बंधनकारक राहतील. महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ मध्ये, आठ वर्षांनी. जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग आला, म्हणजे गडचिरोलीच्या टोकाच्या माणसाने नागपूर गाठायचं. आणि बंधनकारक होतं त्याचं काय झालं, तर अहवाल शासनाकडे जातो आणि शासन अपवादात्मक परिस्थितीत कारणं नोंदवून तो नाकारू शकतं. स्वीकारला तरी तो प्राथमिक चौकशी अहवाल समजायचा, म्हणजे पुढे पुन्हा डीई, पुन्हा जोडपत्रं, पुन्हा साक्षी. दखलपात्र गुन्हा दिसला तर मात्र तो अहवाल ठाण्यात पाठवून त्यावरच एफआयआर नोंदवायची तरतूद आहे, ही गोष्ट चांगली आहे आणि बऱ्याच वकिलांनाही माहीत नसते.

तरीसुद्धा मी म्हणेन प्राधिकरणाकडे जाच. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, कायद्याची पद्धत न पाळता अटक किंवा डांबून ठेवणं, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन-घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर, इतकं सगळं त्यांच्या कक्षेत येतं. दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, समन्स काढतात, कागद मागवतात. आणि मुख्य म्हणजे तिथे तक्रारदार हा पक्ष असतो, समोर उभं राहून बोलता येतं. साहेबाच्या केबिनमध्ये चहा पिऊन समजावून घेण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मुदतीचं मात्र सांभाळा, कारण हे कुणी सांगत नाही. पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ प्रमाणे पोलिसाने कामाच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल दावा किंवा खटला सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, खटल्याला शासनाची पूर्वपरवानगी असेल तर दोन वर्षं. मानवाधिकार आयोगाला एक वर्ष. आता आम्हाला ते समजेचं पत्र यायलाच किती वेळ गेला! अर्ज चौकशीवर आहे, अर्ज चौकशीवर आहे, असं ऐकत बसलात तर सहा महिने कधी निघून जातात कळत नाही, आणि हे योगायोगाने होतं असं मला वाटत नाही.

आणि कॅमेरे. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी केसमध्ये (मुंबईचे आयुक्त ते वेगळे, त्यांच्याकडे येतेच) सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात आत जायच्या-यायच्या वाटा, लॉकअप, व्हरांडा, लॉबी सगळीकडे आवाजासकट सीसीटीव्ही हवा आणि रेकॉर्डिंग अठरा महिने, ते शक्यच नसेल तर निदान एक वर्ष जपायचं. तर मारहाण झाली, डांबून ठेवलं, तर पहिल्या दोन दिवसांत करायचं काम म्हणजे सरकारी दवाखान्यात जाऊन एमएलसी, म्हणजे जखमांची पोलीस-कोर्टात चालणारी वैद्यकीय नोंद, करून घेणं आणि "अमुक तारखेचं अमुक वेळेतलं फुटेज जपून ठेवा" असं पत्र देऊन शिक्का घेणं, ईमेलही टाकणं. तक्रार कशी लिहायची ते नंतर बघू. नेमप्लेट दिसली नसेल तर वेळ आणि नाकाबंदीची जागा लिहा, ड्युटी कोणाची होती ते त्यांच्या हजेरीत असतंच. एफआयआर घेत नसतील तर एसपी किंवा डीसीपीकडे पोस्टाने, आणि तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे, नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, म्हणजे बीएनएसएसमध्ये, हे कलम १७३(४) झालंय. आणि हो, पैसे मागितले असतील तर वेगळा रस्ता, एसीबी म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, हेल्पलाइन १०६४.

आता ते आयुक्त. परमबीर सिंग, मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, डिसेंबर २०२१ मध्ये निलंबित, जून २०२२ मध्ये निवृत्त, आणि मे २०२३ मध्ये सरकारने निलंबन मागे घेतलं आणि तो सगळा काळ ड्युटीवर होते असं धरलं. मधल्या काळात सरकार बदललं होतं हे सांगायला नको. आरोप खरे होते का खोटे ह्यात मी जात नाही, मला एवढंच दिसतं की आधीच्या सरकारला निलंबन योग्य वाटलं, नंतरच्याला नाही वाटलं, आणि आयपीएस अधिकाऱ्याला बडतर्फ करणं तर राज्याच्या हातातही नाही, ते दिल्लीतून. मामाच्या टोपीला दोन मिनिटं पुरली होती.

यावर मामाशी माझं भांडण होतं. तो म्हणतो तुम्ही लोक शिपायाच्या मागे लागता, कारण नाकाबंदीत तोच दिसतो. बारा-बारा तास उभा, वरून टार्गेट, आज इतक्या गाड्या तपासा, इतक्या केस करा, घरी फोन करायला वेळ नाही, आणि हात उचलला की तोच बळीचा बकरा, ज्याने टार्गेट दिलं तो व्हिडिओ कॉन्फरन्सवर होता. बरोबर आहे त्याचं. कितीही मोठं प्रकरण होऊ दे, यादी काढली तर शिपाई, हवालदार, फार तर फौजदार. वरच्यांची बदली होते. बदली म्हणजे तर शिक्षाही नाही, आणि चांगल्या पोस्टिंगवर झाली तर बक्षीसच. पण मी मामाला म्हणते, मग तू तुझ्या साहेबाविरुद्ध तक्रार कर ना कधी. तो म्हणतो, "मग माझी टोपी रोज तपासतील की."

पोराचं सध्या असं आहे. फुटेज माहिती अधिकारात मागितलं होतं, उत्तर आलं की सदर कालावधीत तांत्रिक बिघाडामुळे रेकॉर्डिंग उपलब्ध नाही. अपील केलंय, बिघाड कधी झाला आणि दुरुस्तीसाठी कुणाला कळवलं त्या पत्राची प्रत द्या म्हणून, कारण बिघाड झाला असेल तर त्याचा कागद असणार, आणि कागद नसेल तर ते आम्हाला लेखी पाहिजे. प्राधिकरणाकडे तक्रार प्रतिज्ञापत्रासकट गेलीय, सहा महिन्यांच्या आत. काकूंचं म्हणणं आहे की सोडून द्या आता, पोराचं म्हणणं आहे की तारीख पडली तर मी जाणार, फक्त शनिवार-रविवार नको, तेव्हा इन्सेंटिव्ह जास्त असतो.